अठरा हजारांचा ग्रुप आणि नऊ जणांचा ग्रुप : अकरा महिने वापरल्यानंतर

मागच्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात मी पक्षी बघणाऱ्यांच्या दोन ग्रुपांत शिरले. एक टेलिग्रामवरचा, देशभरातल्या लोकांचा, सदस्य अठरा हजारांच्या आसपास. दुसरा व्हॉट्सॲपवरचा, नऊ जणांचा. सगळे कोल्हापूरचे, रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावर जमणारे. दोन्हीकडं फी नाही. गेला तो फोनचा स्टोरेज आणि माझी झोप. ‘कुठला घेऊ?’ असं हल्ली मला दोघातिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

मोठ्या ग्रुपचा पहिला अनुभव भारी होता. रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला, केंदाळ काढल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात एक बारकी तुतारी (पाणथळीतला पक्षी) शेपटी हलवत फिरत होती. दुर्बिणीला मोबाइल टेकवून फोटो काढला आणि टाकला. तीन मिनिटांत उत्तर : ठिपकेवाली तुतारी. नुसतं नाव नाही, कारणही. भुवई डोळ्याच्या मागंपर्यंत गेलीय, पाठीवर ठिपके ठळक, पाय पिवळसर. दुसऱ्यानं विचारलं, उडताना पंख खालून काळपट दिसले का? तसे दिसले तर हिरवी तुतारी. मी उडताना बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, ती उडेपर्यंत पाऊण तास थांबले. पंख खालून फिकट होते. ऑफिसला उशीर झाला, पण ती तुतारी आता जन्मात चुकायची नाही.

हे नऊ जणांत झालं नसतं. आमच्यात तुतारी ओळखणारे एकच, ग्रुपचे सर. त्या दिवशी ते पुतणीच्या लग्नाला गेले होते.

मोठ्या ग्रुपची दुसरी जमेची बाजू म्हणजे नकाशा. पळसमैना, ज्यांना आमच्याकडं शेतकरी भोरड्या म्हणतात, मध्य आशियातून येतात. कच्छात कुणाला दिसल्या की ग्रुपात फोटो येतो, मग खाली-खाली सरकत येतात. काही आठवड्यांनी आपल्याकडं ज्वारीवर थवा उतरला, तर तो कुठून आलाय हे आधीच डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. असं अंतर नऊ माणसांना दिसत नाही.

आता कुरकुर. अठरा हजार हा आकडा फसवा आहे. बोलणारे तेच पंधरा-वीस. इंटरनेटवर याला जुना ठोकताळा आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता : शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीतरी बोलतात, बहुतेक सगळं लिहितो तो एक. आमच्या नऊ जणांना हा ठोकताळा लावला तर बोलायला एक अख्खा माणूससुद्धा उरत नाही. प्रत्यक्षात नऊच्या नऊ बोलतात, आणि गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यासारखं एकाच वेळी बोलतात.

ऑक्टोबर लागला की मोठ्या ग्रुपात धोबी सुरू होतो. पक्षी हो, शेपूट वरखाली करणारा. थंडीचे पाहुणे आले की नवे सदस्य येतात आणि रोज सातजण तोच फोटो टाकतात. जुनी मंडळी आठवडाभर गोड बोलतात, मग तिरकस होतात, मग गप्प. सप्टेंबर १९९३ नंतर यूझनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, नवख्यांचा लोंढा थांबेचना, म्हणून त्या महिन्याला ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ म्हणतात, हे नंतर वाचलं. आमचा ऑक्टोबर निदान डिसेंबरात संपतो.

एक गंमत सांगते. माझी आई, आत्या, मी, आम्ही बोलताना ‘आलो’, ‘गेलतो’ असंच बोलतो. कोल्हापुरातल्या बायकांची ही सवय बाहेरच्यांना माहीत नसते. मोठ्या ग्रुपात मराठी सदस्य पुष्कळ, तिथं मी बोलते तसंच टाईप केलं : ‘काल कळंब्याला गेलतो, वंचक दिसला.’ दोन महिने सगळे मला ‘दादा’ म्हणत होते. एकदा कुणीतरी ‘ताई आहेत त्या’ म्हणून सांगितलं, आणि त्याच रात्री इनबॉक्समध्ये तीन अनोळखी ‘हाय’ आले. एकानं तर कॅमेऱ्याची लेन्स कशी निवडावी याचं न मागितलेलं व्याख्यान दिलं. दादा होते तेच बरं होतं. (इथं मात्र शाळेत शिकवल्यासारखं लिहितेय, नाहीतर पुन्हा दादा.)

छोट्या ग्रुपची तऱ्हा अगदी उलटी. फोटो टाकला की सर नाव सांगतच नाहीत. ‘कुठं बसला होता? जमिनीवर का फांदीवर? एकटा का जोडीनं? चोच कशी होती, तुझ्या शब्दांत सांग.’ सुरुवातीला राग यायचा. मी ऑफिसमधून जेवणाच्या सुट्टीत विचारतेय आणि हे माझी तोंडी परीक्षा घेतायत. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात लक्षात आलं, की मी फोटो काढायच्या आधी बघायला लागले होते. मोठ्या ग्रुपच्या भरवशावर होते तोवर आधी फोटो, मग बघणं. कधीकधी बघणं राहूनच जायचं.

पण नऊ जणांचा एक मोठा घोटाळा आहे आणि तो सांगायलाच हवा. कळंब्याच्या वाटेवर एका उंच झाडावर एक मोठा शिकारी पक्षी हिवाळाभर बसायचा. सरांनी नोव्हेंबरात, पक्षी सप्ताहात, सांगितलं : मोरघार. (५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, १२ ला सालिम अलींचा, मधले दिवस धरून २०२० पासून राज्यात हा सप्ताह पाळतात.) सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. आम्ही आठजणांनी माना हलवल्या. तीन महिने ती ‘आपली मोरघार’ होती. ग्रुपातल्या मावशी तर झाडाजवळून जाताना तिला नमस्कार करायच्या.

फेब्रुवारीत मी सहज तिचा फोटो मोठ्या ग्रुपात टाकला, थोडा मिरवायलाच. चार मिनिटांत ओडिशातल्या एका मुलानं लिहिलं : पाय बघा. मोरघारीचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, याचे उघडे आहेत. डोकं बघा, शरीराच्या मानानं कबुतरासारखं बारकं. ही मोहोळघार. मी फोटो मोठा करून बघितला. पाय उघडे. आणि त्याच झाडावर, दहा हातांवर, आग्या मोहोळ लटकलेलं. तीन महिने आम्ही मोहोळाखाली उभं राहून मोहोळघारीला मोरघार म्हणत होतो! मोहोळघारीच्या तोंडावर खवल्यांसारखी दाट पिसं असतात, माश्यांचे डंख आत शिरू नयेत म्हणून. ते खवलेसुद्धा फोटोत दिसत होते. आम्हा नऊ जणांपैकी एकानंही पायाकडं बघितलं नव्हतं.

सरांना सांगायचं कसं, हाच प्रश्न. रविवारी मिसळ खाताना मी फोन पुढं केला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, कट ओरपला आणि म्हणाले, ‘अगं, मग तीन महिने गप का बसलीस?’ उत्तर सोपं होतं : आमच्यात सरांना कोण बोलणार? छोट्या ग्रुपात माणसं एकमेकांना धरून असतात, तशी चूकही सगळे मिळून धरून ठेवतात. मोठ्या ग्रुपातल्या त्या मुलाला सर कोण हे माहीतच नव्हतं, म्हणून त्याला पाय दिसले.

आता माझी चूक. शहराबाहेर एका जुन्या खाणीत (कुठल्या ते सांगणार नाही, आता तरी नाही) शृंगी घुबडाची मादी कपारीत दोन पिल्लांसह बसली होती. नऊ जणांना माहीत होतं. आम्ही लांबूनच बघायचो आणि ग्रुपात ‘खाण’ हा शब्दसुद्धा लिहायचो नाही, ‘आत्याकडं जाऊन आलो’ म्हणायचो. मला तो फोटो मोठ्या ग्रुपला दाखवायचा मोह झाला. जागेचं नाव घातलं नाही, तेवढी अक्कल होती. पण साधा फोटो पाठवला की टेलिग्राम तो दाबून बारीक करतं, म्हणून मी ‘फाइल’ म्हणून पाठवला. फाइलमध्ये फोन फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जसेच्या तसे ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. घरट्याचे फोटो टाकू नयेत, असा नियम ग्रुपच्या वरच चिकटवलेला होता. तो मी कधी उघडलाच नव्हता.

ॲडमिननं सहा तासांनी फोटो काढला. तिसऱ्या दिवशी खाणीवर चार गाड्या. घुबड उडावं म्हणून कुणीतरी दगड मारत होतं, संध्याकाळी फ्लॅश. घुबडाच्या मागं करणी-भानामतीच्या नादानं लागणारे वेगळेच. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पण खाणीवर कायदा उभा नसतो. आठवड्यानं कपार रिकामी. शृंगी घुबडाची पिल्लं उडता येण्याआधीच चालत इकडंतिकडं पांगतात, असं सर म्हणाले. हे खरंच आहे, वाचून खात्री केली. तरी ते मला धीर द्यायला म्हणाले, हेही खरं. ईबर्डसारख्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ठिकाणी काही नाजूक जातींची नेमकी जागा यंत्रणाच झाकून ठेवते. अठरा हजारांच्या ग्रुपात झाकणारं कुणी नसतं आणि त्यातले सतरा हजार कोण आहेत हे ॲडमिनलाही सांगता येत नाही.

छोट्या ग्रुपची अजून एक अडचण. मार्चमध्ये दोघांचं एका राजकीय फॉरवर्डवरून वाजलं. नऊतले दोन गप्प बसले की पाव ग्रुप बंद पडतो. पाच आठवडे रविवारची फेरी झाली नाही. मोठ्या ग्रुपात अशी भांडणं रोज होतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. शेवटी मावशींनी दोघांना एकाच रिक्षात बसवून रंकाळ्यावर आणलं, त्यांच्या पद्धतीनं.

सध्या माझा वापर असा. मोठ्या ग्रुपचं नोटिफिकेशन बंद, दिवसातून एकदा उघडते, ओळख अडली तरच विचारते, फोटो कधीच फाइल म्हणून नाही आणि घरट्याचा तर नाहीच. कॅमेऱ्याचं लोकेशनही बंद करून टाकलंय. छोट्या ग्रुपात विचारते कमी, ऐकते जास्त. आणि सरांनी काही नाव सांगितलं, तरी आधी पाय बघते.

आता मावशींच्या भाच्याला ग्रुपात यायचंय. पोरगं हुशार आहे, नवा कॅमेरा घेतलाय आणि त्याच्या फोटोंना पाच हजार फॉलोअर आहेत. ‘दहाच होतील की, काय बिघडतंय?’ मावशी म्हणतात. सर काही बोलले नाहीत. मावशींनी मला थेट विचारलंय. तीन दिवस झाले, मी अजून उत्तर दिलेलं नाही.