आधी तुकोबा की माउली? लताबाईंच्या दोन संचांपैकी भजनी मंडळाने काय बसवावं

लता मंगेशकरांनी गायलेले दोन संच घरोघरी ऐकले जातात: श्रीनिवास खळ्यांच्या संगीतातला 'अभंग तुकयाचे' आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींचा 'ज्ञानेश्वर माउली'. नुसतं ऐकायचं असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, दोन्ही ठेवावेत. प्रश्न उभा राहतो तो गावातल्या मंडळापुढे. सप्ताह किंवा आषाढी दीड महिन्यावर आलेली असते, आठवड्यातून दोन बैठका होतात, एक पेटी, एक तबला किंवा पखवाज, पुढे दोन बरे गळे आणि मागे दहा-बारा टाळकरी. एवढ्या बळावर पाच-सहा अभंग नीट बसतात, दहा नाही. मग कुठल्या संचातून घ्यायचे?

मराठवाड्यात मन आधी माउलीकडे धावतं. आपेगाव पैठणजवळच, आणि सप्ताहात रोज सकाळी ज्ञानेश्वरीच्याच ओव्या कानावर पडत असतात. शिवाय 'मोगरा फुलला' किंवा 'अवचिता परिमळू' एकदा ऐकलं की हेच म्हणावंसं वाटतं, यात कुणाचा दोष नाही. तरीही नव्याने उभ्या राहणाऱ्या मंडळाने सुरुवात 'अभंग तुकयाचे'पासून करावी, असं माझं मत आहे. कारण तसं लहान आहे, पण तालमीत तेच रोज आडवं येतं. ते कारण म्हणजे चरणातल्या अक्षरांची संख्या.

'सुंदर ते ध्यान' बोटावर मोजून पाहा. सुंदर ते ध्यान, सहा. उभे विटेवरी, सहा. कर कटावरी, सहा. ठेवोनिया, चार. मोठ्या अभंगाचा हा सरळ साचा. भजनी ठेका आठ मात्रांचा. साध्या भजनी चालीत सहा अक्षरांचा चरण एका आवर्तनात मावतो आणि दोन मात्रा श्वासाला उरतात. शेवटच्या चार अक्षरांपाशी तर अर्धं आवर्तन मोकळं मिळतं. मागच्या टाळकऱ्यांना ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलायला हीच जागा लागते. 'आनंदाचे डोही आनंद तरंग, आनंदचि अंग आनंदाचे' यातही तेच सहा-सहा-सहा-चार. 'कन्या सासुऱ्याशी जाये, मागे परतोनी पाहे' हा लहान अभंग, आठ-आठ अक्षरांचा, आणि तोही डोळे मिटून बसतो.

खळ्यांच्या चाली सोप्या आहेत असं मात्र कुणी समजू नये. ऐकताना वाटतात सोप्या, पेटीवर घ्यायला गेलं की फसवतात. स्वर अनपेक्षित ठिकाणी वळतो आणि तीच हरकत, म्हणजे स्वरांची छोटी लकेर, दुसऱ्या वेळी थोडी वेगळी येते. पण माझ्या कानाला तरी एक गोष्ट पक्की जाणवते, की चाल कितीही वळली तरी चरण मोडत नाही. त्यामुळे मंडळाला हरकत जमली नाही तर ती सोडून देता येते आणि अभंग तरीही उभा राहतो. चरणाचा सांगाडा हाती असला की चाल थोडी साधी करून म्हणता येते.

आता 'अवचिता परिमळू' मोजा. अवचिता परिमळू, आठ. झुळकला अळुमाळू, आठ. मी म्हणे गोपाळू, सहा. आला गे माये, पाच. पुढच्या ओळीत 'चांचरती चांचरती बाहेरी निघाले' ही सलग चौदा अक्षरं, मग 'ठकचि मी ठेले काय करू' ही दहा. त्याच्या पुढे 'तो सावळा सुंदरू' सात, 'कासे पितांबरू' सहा, 'लावण्य मनोहरू' सात, 'देखियेला' चार. म्हणजे प्रत्येक अंतरा नव्याने बसवायचा. पुढचा गायक सराव करून ते करेल. मागच्या दहा जणांपैकी चौघं पहिल्या अंतऱ्याच्या मापाने दुसरा म्हणतात, दोघं गप्प होतात, आणि 'चांचरती' शब्दाची दोन शकलं होऊन अर्धा शब्द समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, अलीकडे, अर्धा पलीकडे पडतो. बाहेर येताना पाऊल अडखळतंय असं सांगणारी ती ओळ, पण गाताना अडखळून चालत नाही. विरहिणीची, म्हणजे विरहातल्या स्त्रीच्या तोंडी घातलेल्या रचनेची, ही मोकळी घडण एकट्या गळ्यासाठी फार सुंदर आहे. समूहाला मात्र ती साथ देत नाही. याच एका अडचणीने माझा कौल ठरला.

तुकोबांच्या संचातही अक्षरं वाढतात. 'पाहे रात्रंदिवस' सात भरतात, 'पूर्णिमेचा चंद्रमा' सात, 'सोयरीं वनचरें'ही सातच. पण वाढ एका अक्षराची, आणि ती श्वासाच्या मोकळ्या मात्रेत जिरते. 'रात्रंदिवस'मधला 'दि' आखूड म्हणायचा आणि 'रा'वर रेंगाळायचं नाही, एवढं सांगितलं की पहिल्याच बैठकीत प्रश्न सुटतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे 'रात्रं' लांबवून 'दिवस' घाईत कोंबणं. मग 'वाट तुझी'ला सगळे उशिरा पोचतात.

दुसरी गोष्ट श्वासाची. लताबाई श्वास कुठे घेतात ते ऐकणाऱ्याला कळतच नाही, आणि नक्कल करणारा नेमका तिथेच सापडतो. 'तुका म्हणे' चार अक्षरांत संपतं. माउलींची नाममुद्रा 'बापरखुमादेवीवरू' म्हणजे नऊ अक्षरं. 'मोगरा फुलला'च्या शेवटी ती येते तेव्हा बहुतेक मंडळं 'रखुमादेवी'पाशी श्वास घेतात आणि 'वरू' वेगळं म्हणतात. रखुमादेवीचा वर, म्हणजे विठ्ठल, हा अर्थच तिथे तुटतो. हे गाणं घ्यायचंच असेल तर 'मनाचिये गुंती गुंफियेला शेला' संपलं की भरपूर श्वास घ्या आणि पूर्ण नाव एका दमात म्हणा. दम पुरत नसेल तर लय किंचित वाढवा, पण शब्द तोडू नका. तसेच माउलींच्या रचनांत 'दिनु', 'घनु', 'गोपाळू' यांचे उकार जपावे लागतात. सवयीने तोंडात 'परिमळ', 'गोपाळ' येतं आणि यमकाची गोडी जाते.

परिमळ दोन्ही संचांत आहे, भ्रमरही दोन्हींत आहे. माउलींकडे परिमळ अचानक झुळकतो आणि हाती येण्याआधी वनमाळी निघून जातो. तुकोबांच्या 'कमोदिनी काय जाणे तो परिमळ' मध्ये कमळणीला स्वतःच्याच सुगंधाची जाण नाही आणि सुख भ्रमर भोगतो. देवाला आपल्या नामाची गोडी ठाऊक नाही, ती आम्हालाच ठाऊक, इतकी धीट गोष्ट तुकोबा चार ओळींत सांगून जातात. दोन्ही रचना एका बैठकीत लागोपाठ ऐकाव्यात. अर्थ समजून गाणाऱ्या मंडळाला त्यातून पुष्कळ मिळतं. पण सभेत बसलेल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात पोचतो तो तुकोबांचा दृष्टान्त. 'भेटीलागी जीवा'मधली 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली' ही ओळ घ्या. दिवाळीला माहेराहून मुराळी येईल म्हणून वाट पाहणारी लेक आपल्याकडच्या बायांना समजावून सांगावी लागत नाही. महिला मंडळात ही ओळ आली की आवाज आपोआप खाली येतो, तो तसाच येऊ द्यावा.

पट्टीचं, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा याचं, गणित दोन्ही संचांना सारखंच लागू आहे. मूळ पट्टी गाण्यागणिक बदलते, म्हणून ध्रुपद जिथे विसावतं तो स्वर आधी पेटीवर शोधा. पुरुष मंडळ काळी एक किंवा पांढरी एकच्या आसपास गातं, स्त्रिया बहुधा काळी चार ते पाच. मोबाईलवर गाण्याची पट्टी खाली उतरवून त्याच्याबरोबर सराव करायची पद्धत आता बोकाळली आहे. तीन-चार सुरांपेक्षा जास्त उतरवलं की आवाज घोगरा होतो, शब्द पुसट होतात आणि हरकतीतला बारकावा निघून जातो. चाल मूळ पट्टीत कानात मुरवा, स्वर लिहून घ्या आणि मग पेटीवर आपल्या पट्टीत आणा.

महिला मंडळाचा षड्ज, म्हणजे सा, काळी चार असेल तर काळी एकचा तबला मध्यमात, म्हणजे 'म'ला, चालतो, वेगळा तबला विकत घ्यायची गरज नाही. एखाद्या चालीत मध्यम खटकत असेल तर तबला पंचमात, म्हणजे काळी दोनला चढवा. पखवाज असेल तर धूमेवरच्या, म्हणजे खर्जातल्या तोंडावर लावलेल्या, कणकेकडे लक्ष ठेवा. चैत्र-वैशाखातल्या सप्ताहात आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्याने ती तासाभरात सुकते आणि घुमारा जाऊन नुसती थाप ऐकू येते. ओला फडका जवळ ठेवून मधूनमधून बोट फिरवावं. पाणी जास्त झालं तर कणीक घसरते आणि नाद बसका होतो. 'अभंग तुकयाचे'मधले चालते अभंग टाळांच्या गजरात हे झाकून नेतात. माउलींच्या संथ रचनांत धूमेचा प्रत्येक घाव उघडा पडतो.

काकड्याला देवळावरच्या भोंग्यातून मूळ गाणी लावायची असतील तर आणखी एक फरक जाणवेल. भोंगा खालचे स्वर खातो, डग्गा जवळपास ऐकूच येत नाही आणि वरचे स्वर बोचतात. वरच्या सप्तकात रेंगाळणाऱ्या ओळी पहाटे कर्कश वाटतात, म्हणून आवाज कमी ठेवा आणि वरच्या स्वरांचं (ट्रेबलचं) बटण निम्म्याखाली आणा. माझ्या कानाला 'वृक्षवल्ली' भोंग्यावरही तग धरतं, 'घनु वाजे घुणघुणा' धरत नाही. त्यातला घुणघुणाटच हरवतो. ते घरात, चांगल्या स्पीकरवर, रात्री ऐकायचं गाणं.

एवढं झालं तरी माउलींचा संच बाजूला ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण त्यातल्या दोन रचना समूहाला छान साथ देतात. 'रुणुझुणु रुणुझुणु रे भ्रमरा' मध्ये प्रत्येक ओळ 'रे भ्रमरा'वर येऊन थांबते. ओळ एकाने म्हणायची आणि मागच्यांनी फक्त ती चार अक्षरं झेलायची. अंतऱ्याचं माप कितीही बदललं तरी त्यांचं काम बदलत नाही. आणि 'आजि सोनियाचा दिनु, वर्षे अमृताचा घनु' चक्क आठ-आठ अक्षरांचं आहे. काल्याच्या दिवशी याच्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही. 'पैल तो गे काऊ' एकाच गळ्याला द्यावं. दहीभाताची उंडी आणि सोन्याने मढवलेले पाय ऐकताना समोरची माणसं कावळा आणि पाहुण्याचा संबंध स्वतःच जोडतात, तिथे कोरस लागला की नाट्य संपतं. 'पांडुरंगकांती' या संचात शोधत बसू नका. चाल हृदयनाथांचीच असली तरी ते आशाताईंनी गायलेलं आहे.

पसायदान मात्र शेवटी ध्वनिमुद्रिकेच्या चालीत घेऊ नये. समोर बसलेल्या प्रत्येकाला ते शाळेतल्या किंवा गावातल्या चालीत पाठ असतं. 'आता विश्वात्मके देवे' सुरू झालं की लोक आपसूक आपल्या चालीत म्हणू लागतात आणि दुसऱ्याच ओवीला मंडळ एकीकडे, सभा दुसरीकडे जाते. नऊ ओव्या गावाच्या चालीत, सगळ्यांबरोबर म्हणाव्यात.

दीड महिन्याची आखणी करायची तर पहिले दोन आठवडे फक्त 'सुंदर ते ध्यान' आणि 'आनंदाचे डोही' घ्या. पहिल्या बैठकीत पेटी उघडू नका. टाळ्या वाजवून आठ मात्रांत नुसते शब्द म्हणवून घ्या, कोण कुठे घसरतं ते तिथेच कळतं. तिसऱ्या आठवड्यात 'कन्या सासुऱ्याशी' आणि 'रुणुझुणु'. 'भेटीलागी जीवा'ला चौथा आणि पाचवा असे पूर्ण दोन आठवडे द्या, कारण खळ्यांनी सगळ्यात जास्त वळणं तिथे ठेवली आहेत आणि घाईत बसवलं की त्यातली आस जाऊन नुसती कसरत उरते. सहाव्यात 'आजि सोनियाचा' घ्या आणि टाळांसह सगळे अभंग सलग म्हणा. 'अवचिता परिमळू' पुढच्या वर्षासाठी ठेवा, आणि तेव्हाही एकाच गळ्यात, टाळ खाली ठेवून.