लाळेची नळी आणि लठ्ठपणाचा अहवाल: एका जनुकीय चाचणीविषयी

लाळेचा नमुना कुरियरने पाठवून स्थूलतेची व मधुमेहाची जनुकीय जोखीम सांगणारी एक चाचणी मी रत्नागिरीतून घरबसल्या करून घेतली. वडील आणि आत्या दोघेही मधुमेही असल्याने उत्सुकता होतीच. नमुना देणे सोपे होते, अहवाल मात्र महिनाभर रखडला.

त्यातील सर्वांत उपयुक्त भाग एफटीओ जनुकाचा आहे. २००७ साली लठ्ठपणाशी संबंध उघड झालेल्या या जनुकाच्या जोखीम वाढवणाऱ्या रूपाच्या दोन प्रती (आई-वडिलांकडून एकेक) ज्यांच्याकडे असतात, त्यांचे वजन एकही प्रत नसणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ३ किलोने अधिक भरते, असे युरोपीय वंशाच्या लोकांवरील मोठ्या अभ्यासात आढळले होते. माझ्याकडे एक प्रत निघाली. परंतु हा संदर्भगट युरोपीय आहे, हे अहवालात कुठेच नमूद नाही, आणि अशा आधारावर कोकणातल्या माणसाला त्याची जोखीम दशांश चिन्हासह सांगणे मला अप्रामाणिक वाटते. मधुमेहाशी निगडित टीसीएफ७एल२ या जनुकाला जेमतेम दोन ओळी मिळाल्या आहेत. एमसी४आर या जनुकातील, भूक आवरू न देणारे दुर्मीळ बिघाड तर तपासलेलेच नाहीत.

आहारसल्ल्यात ओट्स आणि किन्वा आहेत. कुळथाची पिठी, उकडा तांदूळ, बांगडा यांचा पत्ता नाही. शारीरिक श्रमाने एफटीओचा प्रभाव कमी होतो, ही खरी कामाची गोष्ट शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत दडवली आहे. त्याच पैशांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि लिपिड (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबी) तपासणी सहज झाली असती, म्हणून पाचपैकी दोनच तारे.