रहस्यकथा म्हणून वाचावी की कादंबरी म्हणून?

एखाद्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘थरारक तपासकथा’, आत साहित्यिक कादंबरी. वाचकांत दोन तट पडणारच. रहस्यप्रेमी दुवे तपासतो : खुनी आधीच्या पानांत दिसला होता का, पुरावा दडवला का, उलगडा तर्काने झाला का? दुसरा वाचक निवेदक, भाषा आणि गुन्ह्याभोवतीचा समाज पाहतो.

स्विस लेखक ड्युरेनमाटची मूळ जर्मन कादंबरी ‘द प्लेज’ (१९५८) घ्या. शेवट फुटतोय, सावध! तपास अधिकाऱ्याचा तर्क अचूक, पण सापळ्याकडे येतानाच खुनी अपघातात मरतो. पहिल्याला ही फसवणूक वाटते, दुसऱ्याला हाच गाभा. इथे दुसऱ्याचं पटतं. उपशीर्षकातच लेखकाने गुन्हेकथेचं मृत्युगीत गायलंय. मात्र सैल, विसरलेले दुवे ‘साहित्यिक’ म्हणून खपवले असतील, तर पहिल्याची तक्रार रास्तच.