गोल गाल की लांबट चेहरा?

शिन युन-बोक या कोरियन चित्रकाराचं 'मीइनदो' म्हणजे सुंदरीचं चित्र. कोरियातल्या जोसोन राजवटीच्या काळातलं, रेशमावर काढलेलं, आज सोलच्या कान्सोंग संग्रहालयात आहे. चेहरा गोलसर, गाल भरलेले, भुवया चंद्रकोरीसारख्या बारीक, डोळे अरुंद, नाक-ओठ अगदी चिमुकले. डोक्यावर मात्र केसांचं भलंमोठं ओझं! असल्या कृत्रिम केसांवर राजा योंगजोने 1756मध्ये बंदी घातली होती. फॅशन कुठली ऐकते. कपाळाच्या कडेचे बारीक केस एकेक करून रंगवलेत. नजर खाली, बोटं कपड्यावर लटकवलेल्या दागिन्याशी चाळा करणारी.

साधारण शिनच्याच काळात जपानमध्ये उतामारो हा चित्रकार लाकडी ठशांवरून छापायची सुंदरींची चित्रं काढत होता. तिथे चेहरा लांबट, नाकाची रेघ लांब, आणि चेहराच चित्रभर. 1793च्या आसपासच्या त्याच्या तीन सुंदरी पहिल्या नजरेत बहिणीच वाटतात. नीट पाहिलं की नाकाच्या वळणात फरक कळतो.

बारीक डोळे, इवलंसं तोंड, गोरा रंग दोघांकडे सारखाच. पण उतामारोची सुंदरी आपल्याला बघू देते; शिनची स्वतःच्याच विचारात असते. मला विचाराल तर मी शिनच्या चित्रापाशी जास्त रेंगाळेन, ते कपाळाकडेचे केस बघत.