साताऱ्याहून गुहागर: किलोमीटर नको, घाट मोजा

गुहागरचं ठरलं की सातारकरांच्या घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, महामार्गाने उंब्रज, तिथून आत वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. दुसऱ्याचं म्हणणं, एवढं निघतोच आहोत तर मेढा, केळघर करत महाबळेश्वर गाठू, आंबेनळीने पोलादपूरला उतरू, खेडवरून दापोली करू आणि दाभोळला गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे धोपाव्याला निघू. पहिला रस्ता साधारण १७० किलोमीटरचा, दुसरा दोनशेच्या थोडा वर. तीस-चाळीस किलोमीटरला कोण घाबरतंय, असं म्हणून बऱ्याचदा दुसरा तट जिंकतो.

रेल्वेचं आधी उरकून टाकू. कराड–चिपळूण लोहमार्ग अजून कागदावरच आहे. त्यामुळे साताऱ्याहून रेल्वेने कोकण म्हणजे आधी माहुलीचं स्टेशन, मग पुणे, कल्याण, पनवेल असा उलटा फेरा, आणि शेवटी चिपळूण स्टेशनवर उतरल्यावरही गुहागर ४५ किलोमीटर उरतंच. ज्याला कोकण रेल्वेचे बोगदे बघायचेत त्याने खुशाल जावं.

आता महाबळेश्वरचा रस्ता. दिसायला तो देखणाच आहे, त्यात वाद नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पाही सुटसुटीत झालाय. खेडहून दापोली नको असेल तर सरळ लोटे, परशुराम घाट करून चिपळूणलाही जाता येतं, पण मग फेरीबोट हुकते आणि या रस्त्याने येण्यातली निम्मी मजा जाते. वाशिष्ठीच्या मुखाशी ती बोट दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे नेते. पोफळीच्या वीजगृहातून सुटलेलं आपल्या कोयनेचं पाणी याच नदीतून येऊन इथे समुद्राला मिळतं. साताऱ्याच्या माणसाला ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटावं अशी ती जागा आहे.

बोटीला अर्थात बोटीच्या कटकटी आहेत. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात गाड्यांची रांग लागते, एक फेरी भरली की पुढचीची वाट बघायची. शेवटची फेरी कधीची, हे दापोली सोडण्याआधी फोन करून विचारावं, कारण ती चुकली तर रस्त्याने खाडीला वळसा म्हणजे पुन्हा खेड, चिपळूण. ओहोटीला धक्क्यावरचा उतार जास्त तीव्र होतो, खाली शेवाळ आणि ओल असते. गाडी बुटकी असेल तर पुढचा बंपर घासतो, म्हणून तिरकी आणि अगदी सावकाश घ्यायची. बोटीवर चढल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गियरमध्ये ठेवायची. पण या सगळ्यामुळे मी हा रस्ता सोडला नाही. बोटीची वाट बघायला माझी ना नाही.

सोडला तो गाडी लागण्यामुळे.

केळघरचा घाट चढायचा. महाबळेश्वरात गर्दीतून थांबत-थांबत पुढे सरकायचं. मग आंबेनळी उतरायचा. महाबळेश्वर ते पोलादपूर हा जवळजवळ चाळीस किलोमीटरचा टप्पा आहे आणि वाडा कुंभरोशीचा प्रतापगड फाटा आला म्हणजे संपला असं वाटतं, तिथे तो संपलेला नसतो. पोलादपूर-खेडला पोट जरा जागेवर येतं, तोवर दापोलीची वळणं सुरू होतात आणि दाभोळपर्यंत ती काही पाठ सोडत नाहीत. मागच्या सीटवर मधोमध बसलेल्या माणसाचं काय होत असेल ते ज्याने गाडी चालवली त्याला कधीच कळत नाही. चालवणाऱ्याला वळण आधी दिसतं, हात आधी वळतात, शरीर तयार असतं. मागच्याच्या डोळ्यांसमोर फक्त पुढच्या सीटची पाठ असते आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगत असतं की आपण गरगर फिरतोय. डोळे एक सांगतात, कान दुसरं, आणि भोगतं पोट. त्यातून एसी लावून काचा बंद, गाडीत कुणाच्या तरी अत्तराचा वास.

कुंभार्लीलाही वळणं आहेत, पण घाट एकच. उंब्रज ते पाटण रस्ता बऱ्यापैकी सरळ. पाटणच्या पुढे घाटमाथ्यापर्यंत रस्त्याच्या कामाची अवस्था दरवेळी वेगळी भेटते. कुठे नवं काँक्रीट, कुठे एकाच बाजूने वाहतूक, तर कुठे खड्डे. तिथे अर्धा तास जास्तीचा धरून चालावं. मग घाट लागतो आणि पोफळीला उतरलं की संपला. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर महामार्ग ओलांडायचा. पुढे मार्गताम्हाने, शृंगारतळी हा रस्ता चढउताराचा आहे, पण पोट ढवळावं असा नाही. पैसे काढायचे, पेट्रोल भरायचं, औषध घ्यायचं ते शृंगारतळीलाच उरकून घ्यावं, बाजारपेठ तिथे मोठी आहे.

पावसाळ्यात तर तुलनाच फारशी उरत नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला होता, आणि एरवीही जोराचा पाऊस झाला की तिथे दरड ठरलेली. कुंभार्लीत दरडी पडत नाहीत असं नाही, पण अवजड वाहतुकीचा रस्ता असल्याने तो मोकळा करायची घाई जास्त असते. धुकं मात्र दाट. पिवळे दिवे नसतील तर डिपरवरच चालवावं. अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घाट ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचा, म्हणजे बहुतेक दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की अर्ध्या घाटात जळका वास येतो आणि पाय खोल जायला लागतो. तसं झालं तर सुरक्षित जागा बघून वीस-पंचवीस मिनिटं गाडी उभी करावी. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नये, डिस्क वाकते. दुसरं, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. मागच्यांना वळणापेक्षा वळणातला हिसका जास्त बाधतो. निम्मी उलटी चालवणाऱ्याच्या पायात असते, असं मी घरात बोललो तर वाद होतो, पण आहे तसं.

आणि इथेच एसटी माझ्या मते थोडी पुढे जाते. साधी लालपरी म्हणतोय, काचा बंद असलेली एसी गाडी नाही. खिडकी हवी तेवढी सरकवता येते, सीट उंचावर, समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता दिसतो आणि चालक रोजचा घाटातला असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या रांगेत बसायचं. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर हादरेही जास्त आणि झोकेही जास्त. साताऱ्याहून थेट चिपळूणची गाडी वेळेला मिळाली तर उत्तम, नाहीतर कराडला जाऊन बसावं. तिथून चिपळूणला गाड्या जास्त सुटतात. थोडा उलटा फेरा पडतो खरा. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. चौघांच्या घरात आजी असेल तर डिझेलचा हिशेब आपोआप हरतो.

एसटीची खरी अडचण चिपळूणची. गाडी बदलायची, सामान उतरवायचं, गुहागरची गाडी कुठल्या फलाटावर ते विचारायचं. बॅगा माणशी एकच, आणि ती खांद्याला लावता येणारी असावी. वेळही जातो. मोटारीने चार-साडेचार तासांत होतं, एसटीने सहा धरा. शिवाय वेळणेश्वर, हेदवी करायचं तर गुहागरात दिवसाची रिक्षा ठरवावी लागते. भाडं आणि थांबे दोन्ही आधी बोलून घ्यावेत. ज्यांना रोज दोन-तीन ठिकाणं उरकायचीत त्यांनी मोटारच न्यावी. ज्यांना गुहागरातच पडून राहायचंय त्यांना मोटार लागत नाही. स्टँड, व्याडेश्वराचं देऊळ आणि किनारा, सगळं पायी.

पोटाचं काही जास्तीचं: पाटणला मिसळ चापली की घाटात तिचा हिशेब द्यावा लागतो. रिकाम्या पोटीही जाऊ नये. कोरडी चपाती नाहीतर दोन इडल्या, आणि खिशात आलेपाकाच्या वड्या. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घेणार असाल तर घाटात शिरताना घेऊन उपयोग नाही, तास-दीड तास आधी, म्हणजे साताऱ्यातून निघतानाच घ्यावी. तिने झोप येते, त्यामुळे चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला तर देऊच नये, मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारूनच. आणि मोबाईल घाटात खिशातच.

परतीला चढण असते, गाडी सावकाश चालते, पोटाला त्रास कमी. तरी गुहागरहून सकाळचीच गाडी धरावी. दुपारनंतर निघालं तर चिपळूणला पुढची गाडी मिळेपर्यंत घाटात अंधार पडतो, आणि अंधारात समोरचा रस्ता दिसत नाही म्हटल्यावर मधल्या रांगेचा फायदा गेलाच.