प्रगती आणि इन्स्पायर: आमच्या दोन मुलींच्या दोन स्कॉलरशिप, सांगलीचा अनुभव

थोरली इंजिनिअरिंगला आणि धाकटी बीएस्सी केमिस्ट्रीला, दोघींना दोन वेगळ्या स्कॉलरशिप मिळाल्या, आणि तेव्हापासून गल्लीतल्या, नात्यातल्या बायका फोन करून विचारतात की नेमकं काय करायचं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. आम्ही सांगलीत राहतो, हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत, मी घरी शिवणकाम करते. त्यामुळे पैशाचा प्रश्न होताच.

आधी थोरलीची. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप. ही फक्त मुलींसाठी आहे, डिग्री आणि डिप्लोमा दोन्हीला, वर्षाला 50 हजार. घराचं उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा, पहिल्या वर्षाला ऍडमिशन झाली की त्याच वर्षी, किंवा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आली असेल तर तेव्हा. पुढे दरवर्षी रिन्यू करायची, आणि वरच्या वर्षात गेली नाही तर बंद होते, हे मुलीच्या कानावर आधीच घाला. पैसे थेट तिच्या खात्यात येतात आणि फीलाच लावा असं नाही, पुस्तकं, कॉम्प्युटर, अभ्यासाला लागणारं काहीही घेता येतं. आमचीने पहिल्या वर्षीच्या पैशात लॅपटॉप घेतला, तोवर ती मैत्रिणीचं काम आटपलं की रात्री अकरानंतर तिच्या लॅपटॉपवर असाईनमेंट करत बसायची.

आम्ही अडलो ते बँकेत. पैसे ज्या खात्याला आधार जोडलंय तिथेच जातात आणि तिचं आधार जोडलेलं होतं शाळेत असताना काढलेल्या खात्याला, ज्याचं पासबुकसुद्धा घरात सापडेना. तीन खेटे घातले, दर वेळी काउंटरवरचा माणूस म्हणायचा उद्या या, आणि मी शिवणाची गिऱ्हाइकं परत पाठवून जायची. चौथ्यांदा आत मॅनेजर बाईंकडे गेले तर दहा मिनिटांत झालं. तेव्हा आधार कुठल्या खात्याला आहे, दहावी-बारावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, उत्पन्नाचा दाखला चालू आहे का, हे सगळं निकालाच्या आधीच बघून ठेवा, जुलैत सगळ्यांचीच पळापळ असते.

आता धाकटीची, आणि मला मनापासून सांगायचंय ते हिच्याबद्दल. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर योजनेतली ही, तिचं नाव स्कॉलरशिप फॉर हायर एज्युकेशन. ही मुलं मुली दोघांना आहे, बारावीला बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात यावं लागतं आणि पुढे मूळ विज्ञानच, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्रीसारखे विषय, घ्यावं लागतं, इंजिनिअरिंग मेडिकल चालत नाही. वर्षाला 80 हजार, त्यातले 60 हजार खर्चाला आणि 20 हजार उन्हाळ्यात करायच्या रिसर्च प्रोजेक्टसाठी. सगळे 60 हजाराचंच बोलतात. मी म्हणते खरी स्कॉलरशिप ते 20 हजार आहेत.

तिला कोल्हापूरला विद्यापीठात एका मॅडमच्या हाताखाली प्रोजेक्ट मिळाला. रोज सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. विषय हळदीचा! घरी पिढ्यान् पिढ्या हळद आहे, हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, तिने लहानपणापासून ऐकलेली, पण हळदीला पिवळं करणारं कर्क्युमिन नावाचं काहीतरी असतं आणि ते मोजता येतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पावडर अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणून मशीन असतं त्यात 425 नॅनोमीटरच्या प्रकाशावर रीडिंग घ्यायचं. एक बाटली उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. उजेडातल्या बाटलीचं रीडिंग रोज उतरत गेलं, म्हणजे उजेडाने कर्क्युमिन कमी होत होतं, ती रोज रात्री जेवताना आकडे सांगायची आणि हे हातातला घास तसाच ठेवून ऐकायचे. हळदीत चुना घातला की कुंकवासारखी लाल होते हे मी तिला सांगितलं, तर तिने त्याच्यामागचं कारण मला कागदावर काढून दाखवलं. माझी हळदीची काचेची बरणी तिने ओट्यावरून उचलून कपाटात ठेवली ती अजून तिथेच आहे.

मॅडमनी तिला कमला सोहोनींबद्दल सांगितलं, 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवलेल्या, आणि त्यांचं काम होतं बटाट्यावर. घरी येऊन म्हणाली, आई, बटाट्यातून एवढं निघतं तर आपल्या हळदीतून का नाही. ही पोरगी बारावीपर्यंत पाहुण्यांसमोर तोंड उघडत नव्हती हो.

म्हणून माझी तक्रार आहे. प्रगती मुलींना पैसे देते पण रिसर्च देत नाही, इन्स्पायर रिसर्च देते पण इंजिनिअरिंगवाल्या मुलीला घेत नाही. थोरलीला मशीन उघडून बघायची हौस धाकटीपेक्षा जास्त, तिला असे दोन महिने कोण देणार? शेवटी तिच्या सरांनी तीन विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपबद्दल सांगितलं, ती सायन्स आणि इंजिनिअरिंग दोन्हीच्या मुलांना आहे, काय करायचंय ते स्वतः लिहून द्यायचं आणि सरांचं शिफारसपत्र लागतं, निवड झाली तर दोन महिने स्टायपेंडही मिळतो. पहिल्या वेळी झाली नाही, खूप रडली. पुढच्या वर्षी तिने तेच लिखाण चार वेळा सरांकडून तपासून घेतलं आणि झाली. पण ही पण खास मुलींसाठी नाही, आणि मुलींना एकटीला दोन महिने परगावी पाठवायचं म्हटलं की घरात काय काय बोललं जातं ते मी ऐकलंय, आमच्याकडेही बोलले. प्रगतीच्याच पैशाला असा उन्हाळ्याचा प्रोजेक्ट जोडला तर आईबापांना निदान सांगता येईल की हा स्कॉलरशिपचाच भाग आहे, पाठवावंच लागेल.

प्रगतीला 5 पैकी 4, इन्स्पायरला पूर्ण 5.

इन्स्पायर मिळाली असेल तर प्रोजेक्टचा गाईड जानेवारीतच शोधायला लागा. मुलीला स्वतः जाऊन भेटायला लावा, आईवडिलांनी दाराबाहेर थांबायचं. आम्ही एप्रिलमध्ये सुरुवात केली तर दोन ठिकाणी जागा भरल्या होत्या. आणि प्रोजेक्ट संपला की रिपोर्ट आणि गाईडचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात सहीशिक्क्यासह हातात घ्या, त्यावरच पुढचे पैसे अवलंबून असतात.