स्प्रिंगच्या एअर रायफलवर ४-१२×४० एओ स्कोप: वर्षभराच्या वापरानंतर

माझी रायफल .१७७ बोअरची (साडेचार मिलिमीटरच्या छर्‍याची), ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची), स्प्रिंगवर चालणारी. शेतावर मातीच्या उंच बांधापुढे कागदी टार्गेट लावायचं आणि १० ते ३० मीटरवरून नेमबाजी करायची, एवढाच तिचा उपयोग. तिच्यावरचा ४-१२×४० स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण: चार ते बारा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. (शिकारीसाठी स्कोप शोधत असाल तर तो विचार सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एअर रायफलने पोपट-होले टिपणंही बसत नाही, आणि ते बसू नयेच.)

दुकानात सगळे आधी विचारतात, 'किती एक्स?' (म्हणजे किती पट मोठं दिसतं?) माझ्या मते हा प्रश्न शेवटी यावा. आधी बघा तो पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की नेमाची फुली (क्रॉसहेअर) टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसणं. काडतुसाच्या रायफलींचे साधे स्कोप कारखान्यातूनच बहुधा १०० यार्डांना जुळवलेले असतात. असा ४० मिलिमीटर भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला, तर चित्र धूसर दिसतंच. पण खरी अडचण वेगळी आहे. रायफल तसूभरही न हलता नुसता डोळा भिंगाच्या कडेकडे सरकला, तरी हिशेबाने नेम पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. १० मीटर एअर रायफलचं अख्खं टार्गेट साडेचार सेंटिमीटरचं असतं, यावरून अंदाज घ्या. एओ म्हणजे पुढच्या भिंगाभोवतीचं फिरतं कडं; ते फिरवून स्कोप हव्या त्या अंतराला जुळवता येतो. माझ्या स्कोपवर ते १० यार्डांपर्यंत खाली येतं, आणि वर्षभरात सर्वांत जास्त हात लागला तो याच कड्याला. ते कडक आहे, थंडीत तर जास्तच. बाजूला नॉब असता तर नेम न मोडता फिरवता आलं असतं.

दुसरी गोष्ट स्प्रिंगचा झटका. चाप ओढला की पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. तो पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर थांबला की रायफल उलट पुढे झटका देते. काडतुसाच्या रायफलीत असा पुढचा झटका नसतो, म्हणून तिच्यासाठी बनवलेले महागडे स्कोपही स्प्रिंगरवर (स्प्रिंगच्या रायफलीवर) बिघडतात. ओळखीतल्या एकाच्या स्कोपमधला क्रॉसहेअर असाच तिरका झाला. 'स्प्रिंगरसाठी चालेल' असं कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. माऊंट (स्कोप रायफलीला धरून ठेवणारी पकड) एकसंध आणि स्टॉप-पिनचा (मागे सरकू न देणार्‍या खिळीचा) हवा, नाहीतर अख्खा स्कोप रेलवर मागे सरकत जातो. माझा झिरो (एकदा जुळवून ठेवलेला नेम) पिन बसवल्यापासून टिकून आहे.

टर्रेटचं (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणार्‍या टोपीचं) एक क्लिक पाव एमओए; एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग. २५ मीटरवर एका क्लिकला साधारण १.८ मिलिमीटर, म्हणजे छर्‍याच्या एका भोकाएवढं सरकायला अडीच क्लिक. टर्रेट प्रामाणिक आहेत: वर फिरवून परत आणलं की छर्रे जुन्याच जागी.

१२ एक्स मी क्वचितच लावतो. तिथे ४० ला १२ ने भागून जेमतेम ३.३ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. संध्याकाळी तो अपुरा पडतो, शिवाय हातातली प्रत्येक थरथर मोठी दिसते. ८ वर सगळं शांत दिसतं. मिल-डॉटची (क्रॉसहेअरवरच्या मोजमापाच्या ठिपक्यांची) मापंही एकाच एक्सला खरी असल्याने आकडा सतत बदलू नये. पावसाळ्यात आत धुकं धरलं नाही, पण भिंगावर बुरशी येऊ नये म्हणून सिलिका जेलच्या डब्यात ठेवला.

मुलांना स्पर्धेत उतरवायचं असेल तर मात्र स्कोप घेऊच नका. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, ते पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायच्या साइटवर); त्या प्रकारांत रायफलवर दुर्बिणीला परवानगीच नाही.

विकत घेताना एक करा. दुकानदाराला सांगून स्कोप टेबलावर पक्का टेकवा, दहा-बारा पावलांवरच्या एखाद्या अक्षरावर क्रॉसहेअर आणा, कडं फिरवून अक्षर स्वच्छ करा आणि डोकं किंचित डावी-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर अक्षरावरून सरकला, तर तो स्कोप आपल्या अंतराचा नाही.